कोटिंगच्या आतलं पोलाद

सुजाता,

तू गेल्यावर तुझ्या जलदान विधीला मिरजगावात मंडप भरला होता. भन्तेजींनी पंचशील दिलं, आणि मग एकेक जण बोलायला उठला. तुझे शाळेतले गुरुजी बोलले, गावातले दोघेतिघे बोलले, संगमनेरपलीकडच्या अकोले गावातल्या शाळेतल्या तुझ्या सहकारी बाई बोलल्या. सगळ्यांनी तुला अबोल ठरवलं. शांत होती, कोणाला कधी उलटून बोलली नाही, असं जो तो सांगत होता. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला कळेना, ही माणसं नक्की कोणाबद्दल बोलतायत. माझ्याशी तू जितकी भांडलीस तितकं माझ्याशी दुसरं कोणी भांडलेलं नाही. प्रकाशने खुणेने मला विचारलं, तुम्ही बोलता का. मी मान हलवून नको म्हटलं. तुझ्या भावाने आग्रह केला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

जेवणं उरकल्यावर तुझी आई माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "पोरी, एक इचारू का? माझी लेक नेमकं काय काम करत हुती?"

मी सांगायला लागले. म्हटलं, आई, कारखान्यात लोखंड कापायला लोखंडाचंच हत्यार लागतं. त्याला आम्ही कटर म्हणतो. साधा कटर अख्ख्या सळईतून कोरून काढतात. आम्ही तो वेगळ्या रीतीने करायचो. पोलादाची बारीक पूड पातळ पसरायची, तिच्यावर लेसरने रेघा मारायच्या. रेघ जिथे पडेल तिथली पूड वितळून घट्ट होते. मग वर दुसरा थर, त्यावर तिसरा. असं थरावर थर चढत हत्यार उभं राहतं, आणि त्याच्या पोटात पाणी खेळवायला हवी तशी वळणावळणाची भोकं ठेवता येतात.

"वारुळावानी," आई म्हणाली.

मी म्हटलं, अगदी तसंच. पण त्या हत्याराची धार टिकत नव्हती. ती टिकवायचं काम सुजाताचं.

आईने बोटाचा पदर सोडला. "म्हंजी लव्हाराचं काम."

"हो आई, लोहाराचंच."

"मग तसं सांगायचं की तिनं. आमाला वाटायचं कंपूटरचं हाय, आपल्याला काय कळायचं. म्हनून कदी इचारलंच न्हाई." एवढं बोलून ती उठली आणि उष्ट्या पेल्यांकडे गेली. तिथे कोणीतरी तिला बसवायला धावलं. तोवर मी स्वतःला धरून ठेवलं होतं. तेव्हा मला रडू आलं.

आपली पहिली भेट तुला आठवायची का, हे मी तुला कधी विचारलं नाही. मला स्वच्छ आठवते. मी तेव्हा भाड्याच्या छोट्या शेडमध्ये कटर आणि ड्रिलना धार लावून देत होते, आणि तू एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात होतीस. माझे ड्रिल कडक करायला तुमच्याकडे पाठवले होते आणि ते वाकडे होऊन परत आले होते. मी तणतणत आले. मालक जागेवर नव्हते. भट्टीजवळून तू आलीस, कॉटनच्या ओढणीने कपाळ पुसत. एक ड्रिल हातात घेऊन काचेवर लोळवलास आणि म्हणालीस, वाकडा आमच्याकडे झालेला नाही, तुमचं ग्राइंडिंगच एका बाजूला जास्त झालंय, तो ताण भट्टीत मोकळा झाला. मी म्हटलं, असं काही नसतं. तू म्हणालीस, असतं. आपण मालक येईपर्यंत भांडलो. मालक आले आणि दोघींना चहा मागवला.

मी भिंगारची. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून. आमच्या घरात आवाज चढवून बोलायची रीत नव्हती, राग आला की माणसं जास्त शुद्ध बोलायची. तुझं उलट. तू एरवी पुण्यात शिकलेलं मराठी बोलायचीस, पण चिडलीस की थेट मिरजगावची व्हायचीस. "न्हाई म्हंजी न्हाई" तुझ्या तोंडून आलं की मी समजायचे, आता ही हटणार नाही. आणि खरं सांगते, तुझं ते बोलणं मला आवडायचं. शेड घेऊन आपण दोघींनी एकत्र काम सुरू केलं, त्याला माझी ग्राइंडिंगची मशीन आणि तुझी भट्टी एवढंच कारण होतं असं मी लोकांना सांगत आले. खरं कारण, तू मला खोडून काढायचीस आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडून माझ्यासमोर बसायचीस.

मग तो पंपाचे भाग बनवणारा कारखाना आला. स्टेनलेसमधलं खोल काम. साधा कटर आत गेला की धारेपर्यंत पाणी पोचायचं नाही, धार तापून जळायची. पोटातून वळत जाऊन बरोबर प्रत्येक दाताच्या तोंडाशी पाणी सोडणारा कटर मी कागदावर काढला. तसा कटर कोरून काढता येत नाही, तो प्रिंटच करावा लागतो. पुण्याला प्रिंट करून आणला, मी घासून धार दिली. पहिल्या कामाला तो लोण्यातून फिरावा तसा फिरला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची धार संपली होती.

मी म्हटलं, कोटिंग करू. बाजारातले सगळे चांगले कटर कोटिंगचेच असतात, वरून काळपट जांभळी कडक साल, झीज थांबते. करून आणलं. साल पापुद्र्यासारखी निघाली. तू तो कटर कापलास, कापलेली बाजू आरशासारखी घासलीस आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलंस. मला आतली नक्षी कधीच तुझ्याइतकी वाचता आली नाही. तू सांगत गेलीस. पोलाद पूर्ण कडक झालेलंच नाही, काही भाग मऊच राहिलाय. वरची साल अंड्याच्या टरफलासारखी आहे. आत दबलं की ती फुटणार. तू जगातली कितीही कडक साल चढव.

मग आपलं सर्वांत लांबलेलं भांडण. मी म्हणत होते, पोलाद मऊ राहिलं असेल तर रीतसर लाल करा, तेलात बुडवा, पुन्हा शेका. पुस्तकात हेच आहे. तू म्हणत होतीस, पुस्तक सळईचं आहे. हे पोलाद लेसरखाली वितळून इतक्या झटक्यात थंड झालंय की त्याची घडण फार बारीक आहे. तीच त्याची ताकद. पुन्हा लाल केलंस तर ती घडण जाडीभरडी होईल आणि मग एवढा खटाटोप करून प्रिंट कशाला केला? सरळ शेकायचं, मंद आचेवर, पुन्हापुन्हा. आधी माझ्या पद्धतीने करून पाहिलं. कटर भट्टीतून निघाले ते पिळवटलेले, आणि धार आधीइतकीच दुबळी. तू "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हणाली नाहीस. नुसते ते कटर उचलून भंगाराच्या डब्यात ठेवलेस, टाकले नाहीस. तू बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

तुझ्या पद्धतीने केलेले कटर पुष्कळ बरे निघाले. पण तू समाधानी नव्हतीस. अजून थोडं मऊ शिल्लक आहे म्हणालीस. ते काढायचं तर शेकण्याआधी पोलादाला कडाक्याची थंडी द्यायला हवी. बर्फाची नाही, द्रवरूप नायट्रोजनची. तेवढासा नायट्रोजन आपल्याला कोण आणून देणार, गॅसवाले मोठ्या टाकीखेरीज बोलत नव्हते. मी तो विषय सोडून दिला होता. तू दुसऱ्या दिवशी डब्यातली भाकरी मोडता मोडता म्हणालीस, "आमच्या प्रकाशकडे असतो की."

प्रकाश गावोगाव मोटारसायकलवर फिरून गायी भरवतो, हे मला ठाऊक होतं. वळूचं वीर्य ज्या कांड्यांत गोठवून ठेवतात त्या कांड्या नायट्रोजनच्या कॅनमध्ये असतात, हे ठाऊक नव्हतं. आपण दुपारी मिरजगावला पोचलो. तुझ्या अंगणात प्रकाशने एक जुना कॅन काढून ठेवला होता, कांड्या नसलेला. त्याने तुझ्या हातातला तारेला बांधलेला कटर पाहिला.

"ताई, ह्यात आमी कांड्या ठेवतो. तू लोखंड बुडवनार व्हय?"

"व्हय."

"वासरू झालं तर माझं," तो म्हणाला आणि चपला घालून शेजारच्या वस्तीवर गेला. तिथे कोणाची तरी गाय माजावर आली होती.

तू पाटावर बसलीस. जाड हातमोजे घालून तार हातात धरलीस आणि कटर कॅनच्या तोंडाशी सोडून थांबलीस. पांढरी वाफ अंगणात लोळत आली, कोंबड्या पळाल्या. तू तार बोटभर खाली सोडायचीस आणि थांबायचीस. पुन्हा बोटभर, पुन्हा थांबायचीस. आईने शेंगोळे केले होते, ते निवत होते. मी म्हटलं, सोड ना एकदाचं. तू तो बोटाबोटानेच पूर्ण खाली सोडलास. दुसरा कटर बांधलास, मोजे काढून माझ्या हातात दिलेस आणि तारही दिलीस. "तू सोड." मी सोडला. आतून टिक असा बारीक आवाज आला. कटर वर काढला तर आडवी चीर. तू हसलीस, शेंगोळ्यांची ताटली माझ्यापुढे सरकवलीस आणि उरलेले सगळे कटर स्वतः बोटाबोटाने सोडत बसलीस. ऊन उतरेपर्यंत. आईने तुला त्या दिवशी विचारायला हवं होतं, आणि तू तिला सांगायला हवं होतंस. दोघी एकाच अंगणात होतात.

ते कटर तू शेकलेस, मी घासले आणि पंपाच्या कारखान्यात नेऊन दिले. संध्याकाळी आपण दोघी मुद्दाम तिथे गेलो. मशीनवर शिंदे होते, वयाने मोठे, मोजकं बोलणारे. आपल्याला पाहून ते जरा ओशाळले. म्हणाले, "मॅडम, आज कटर बदलायचं ध्यानातच आलं न्हाई."

तू बाहेर आलीस, माझ्या स्कूटरच्या मागे बसलीस आणि भिंगारच्या बाजारापर्यंत माझ्या पाठीवर डोकं टेकून होतीस. बाजारात आपण भेळ खाल्ली. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, तिखटामुळे असं तू म्हणालीस. त्या संध्याकाळसाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. धार टिकली म्हणून नव्हे. आपल्या वयाच्या दोन बाया एका कटरसाठी इतक्या खूश होऊ शकतात, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

आता पुढचं. हे लिहायला मी टाळाटाळ करते आहे.

कारखान्याने नियमित मागणी दिली. पण प्रत्येक खेपेत एखाद्या कटरचा एखादा दात मध्येच टवका उडून निकामी व्हायचा. बाकीचे दात ठणठणीत, आणि एकाचा टवका. मी म्हणत होते, आता पोलाद आतून कडक झालंय ना, मग आता कोटिंग टिकेल, झीज आणखी कमी होईल, टवकेही कमी उडतील. तू म्हणत होतीस, आधी टवक्याचं कारण शोधू. तुला वाटत होतं, पाण्याचं भोक जिथे दाताच्या पाठीशी वळतं तिथे पूड नीट वितळत नाही, पोकळी राहते. मला वाटत होतं, माझ्या चाकाखाली घासताना एखादा दात तापतो. गंमत बघ, लोक दुसऱ्याच्या कामात दोष काढतात, आपलं उलटं. प्रिंटचे आकडे तू ठरवायचीस, म्हणून तू तिथे दोष शोधत होतीस. मी ग्राइंडिंगवर शोधत होते. आपण दोघी आपापल्याच कामावर बोट ठेवत होतो आणि तरीही एकमेकींचं ऐकत नव्हतो.

"कोटिंग केलंस की कारण झाकलं जाईल," तू म्हणालीस.

मी म्हटलं, कारण सापडेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नसतं.

"मग जाऊ दे गिऱ्हाईक. न्हाई म्हंजी न्हाई."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू सांगितलंस, की अकोल्याला तांत्रिक शाळेत शिकवायची जागा मिळतेय, काही महिने जाऊन येते. भट्टी इथेच राहू दे म्हणालीस. मी समजले, तू माझ्यावर रुसून चाललीस. तू मला तसं समजू दिलंस. मी शेडचं शटर ओढताना तू कोपऱ्यावर रिक्षात बसलेली दिसलीस, मागे न बघता. मीही हाक मारली नाही.

पाऊस लागला होता तेव्हा मी अकोल्याला आले. संगमनेरला एसटी बदलून, पुढे जीपने. भाताची लावणी चालली होती, खाचरांतून बायका ओळीने वाकलेल्या. तू मला घ्यायला जीपच्या थांब्यावर आली होतीस. तुझी खोली थोड्या चढावर होती. त्या चढावर तू दोनदा थांबलीस. मी म्हटलं, काय गं, दमलीस? तू म्हणालीस, आमचा मुलूख सपाट, मला चढाची सवय नाही. मी ते खरं मानलं. आणि खोलीवर पोचल्यावर, उजेडात तुला नीट पाहून मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, बारीक झालीस, छान दिसतेस. तू म्हणालीस, इथला भात मानवला मला.

हे वाक्य मी किती वेळा मनात परत घेतलंय, सांगता येत नाही.

तू चहा केलास. आपण खिडकीशी बसलो. थोडा वेळ शाळेच्या गप्पा झाल्या, मग आपोआप टवक्यांवर आलो आणि पुन्हा भांडलो. पण त्या दिवशी तुझा आवाज चढला नाही, मिरजगावचं बोलणं आलं नाही. मध्येच तू थांबलीस आणि म्हणालीस, "कर तुझं कोटिंग. पण माझं सगळं पूर्ण करून, मग वरून. शेवटच्या खेपेतला एकच कटर घे. आणि मी आल्यावर. मी नसताना करू नकोस."

मी विचारलं, कधी येतेस?

"बघू. थंडी पडली की."

मला इतका आनंद झाला होता, की तू हे इतक्या सहज का मान्य केलंस, असं माझ्या मनात आलंच नाही. तुझ्या शेजारच्या खोलीतल्या बाई जेवायला थांबा म्हणत होत्या. शेवटची जीप गाठायची म्हणून मी निघाले. तू "थांब" म्हणाली असतीस तर थांबले असते. तू म्हणाली नाहीस. दारात उभी राहून माझ्या छत्रीची काडी सरळ करून दिलीस, एवढंच.

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. तो म्हणाला, ताईला घरी आणलंय, तुम्ही या. मी विचारलं, काय झालं? तो रडायला लागला. मी पोचले तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस. मी तुझा हात धरून बसले. तुझ्या हाताला भट्टीचे जुने डाग होते, ते ओळखीचे होते. बाकीची तू फारच थोडी उरली होतीस. आई एकसारखी मला सांगत होती, काल बोलत हुती, काल बोलत हुती. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

पोटातल्या गाठीचं तुला शेड सोडण्याआधीच कळलं होतं. उपचारांसाठी तू अकोल्याहून नाशिकला जात होतीस आणि घरी शाळेच्या कामाचं सांगत होतीस. फक्त प्रकाशला माहीत होतं. सगळं उरकल्यावर अंगणात मी त्याला पकडलं. मला का नाही सांगितलंस, असं मी जरा जोरातच विचारलं असेन, कारण माणसं बघायला लागली.

तो खाली मान घालून म्हणाला, "ताईनं शपथ घातली हुती. म्हनली, माधवीला कळलं तर ती माझ्यासंगं भांडायची थांबंल. मी म्हनंल त्याला हो म्हनत बसंल. मला ते नगं."

सुजाता, हे तू ठरवायचं नव्हतंस. एवढं मला तुला सांगायचं आहे आणि ते ऐकायला तू नाहीस. मी हो म्हणत बसले असते? कदाचित बसले असते. तुला नाशिकच्या दवाखान्यात पेज भरवली असती, आणि तू जे म्हणशील ते खरं म्हटलं असतं, आणि तू चिडली असतीस. पण मला ते करायला मिळायला हवं होतं. तुझ्या शेजारी बसून चुकीचं वागायचा हक्क मला होता. तू एकटीने ते सगळं सोसलंस, आणि मी इकडे तुझ्यावर रागावून बसले होते. त्या रागातच मला तुझी आठवण यायची आणि मी ती मोडून काढायचे. मला तुझा राग येतो. अजून येतो. आईसमोर बसले की वाटतं, हिच्याइतका हक्क मला नाही, आणि मग तो रागही दाबून टाकते.

थंडी पडली. तो कटर मी बाजूला ठेवलेला होता. तू नसताना करू नकोस म्हणाली होतीस, म्हणून मी बरेच दिवस त्याला हात लावला नाही. मग एक दिवस वाटलं, आता तू नसतानाच करावं लागणार. सगळंच. पुण्याला पाठवून कोटिंग करून आणलं. शिंदेंच्या हातात दिला. त्यांना तुझं कळलं होतं. त्यांनी कटर मशीनला लावायच्या आधी कपाळाला लावला. मी तोंड दुसरीकडे केलं.

तो कटर त्या दिवशी चालला आणि दुसऱ्या दिवशीही चालला. साल निघाली नाही. याआधीच्या कोणत्याही कटरपेक्षा तो जास्त टिकला. शेवटी उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा धार एकसारखी, अगदी गुळगुळीत झिजलेली दिसली, जशी तू नेहमी दिसायला हवी म्हणायचीस. पोलादाबद्दल तू बरोबर होतीस आणि कोटिंगबद्दल मी. फक्त एका दाताचा टवका उडाला होता.

कारखान्याचे मॅनेजर खूश होते. पेढे मागवले. मी त्यांना तो दात दाखवला. म्हटलं, घासताना हा एक दात तापला असावा, माझ्या ग्राइंडिंगमध्ये सुधारणा हवी. ते म्हणाले, बरोबर आहे मॅडम, तसंच असणार. मग म्हटलं, की नाही, मला वाटतं पाण्याचं भोक वळतं तिथे आत पोकळी राहिली असेल, दोष प्रिंटमध्ये आहे. ते तितक्याच आदराने म्हणाले, हो मॅडम, तेही बरोबर आहे. तुम्ही म्हणाल तसं करू.

मी कटर कापडात गुंडाळला आणि बाहेर येऊन स्कूटरवर बसले. किल्ली लावायला बराच वेळ लागला.